धनुष्यात अंग घालणं

जड धनुष्य ओढणाऱ्या माणसाला पहिला प्रश्न हमखास एकच येतो, किती पौंडाचं? इथे इंग्लंडमध्ये मैदानावर तोच आणि कोल्हापूरला घरी फोन केला की तिकडूनही तोच. आकडा ऐकला की समोरच्याच्या डोळ्यापुढे लगेच जिम येते, डंबेल्स येतात. पण ते तसं नसतं ना. हातातलं धनुष्य जेमतेम किलोभर, लहान पोरसुद्धा एका हाताने उचलेल. पौंड मोजतात ते दोरी ठरावीक अंतरापर्यंत मागे आणल्यावर तिथे ती हाताला किती ओढ देते त्याचे, आणि ते अंतर सांगितल्याशिवाय आकड्याला काही अर्थच नाही. लढाईच्या इंग्लिश धनुष्याचं, ज्याला इथे वॉरबो म्हणतात, त्याचं ड्रॉ वेट, म्हणजे हीच ओढ, बहुतेक वेळा 32 इंचांवर मोजतात. माझे हात आखूड, मी 28 इंचांवर ओढते, आणि जड धनुष्यात शेवटचा एकेक इंच तीन-चार-पाच पौंडांनी वाढत जातो, त्यामुळे तेच धनुष्य माझ्या हातात वेगळं आणि सहा फुटी माणसाच्या हातात वेगळं. माझं आत्ताचं माझ्या 28 इंचांवर 85 पौंड भरतं.

आता तुलनेसाठी सांगते. ऑलिंपिकमधले पुरुष तिरंदाज साधारण 45 ते 50 पौंडांची धनुष्यं वापरतात. सिमेंटची 50 किलोची गोणी म्हणजे 110 पौंड. आणि वॉरबोच्या जगात खरी सुरुवात शंभरापासून धरतात, दीडशे म्हणजे 68 किलो, ते तीन बोटांत धरून कानामागे न्यायचं.

आपल्याकडे तिरंदाजी म्हटलं की आता पटकन अदिती स्वामी आठवते आणि आठवायलाच पाहिजे, साताऱ्याच्या पोरीने 2023 ला बर्लिनमध्ये वयाच्या सतराव्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियनशिप मारली, त्याच स्पर्धेत पुरुषांमध्ये नागपूरचा ओजस देवतळे. पण त्यांचं धनुष्य कंपाउंड. त्याच्या टोकांना कॅम, म्हणजे चाकांसारख्या कप्प्या, असतात, पूर्ण ओढलं की हातावरचा बराचसा भार उतरतो, आणि मग श्वास आवरून, भिंगातून बघून, शांतपणे नेम धरता येतो. त्यांचा सगळा कस त्या थांबण्यात लागतो. साध्या लाकडी धनुष्यात उलटं होतं, जितकं मागे न्याल तितकं ते जास्त भांडतं आणि सगळ्यात जास्त कुठे भांडतं तर अगदी शेवटी, जिथे तुम्हाला नेम धरायचा असतो तिथे. म्हणून दीडशे पौंडवाला माणूस थांबत नाही. ओढणं, नेम आणि सोडणं ही एकच हालचाल असते, एका दमात.

मी राहते हॅम्पशरमध्ये, पोर्ट्समथ जवळ. आणि या सगळ्या विषयाचं मूळ खरं तर तिथल्या गोदीतच आहे. आठव्या हेन्री राजाचं मेरी रोझ नावाचं लढाऊ जहाज 19 जुलै 1545 ला फ्रेंचांशी लढताना इथेच सोलंटच्या सामुद्रधुनीत बुडालं, जवळपास सगळी माणसं घेऊन. चारशे सदतीस वर्षं ते चिखलात पडून होतं. 11 ऑक्टोबर 1982 ला सांगाडा वर काढला, आणि त्या उत्खननात धनुष्यं सापडली, अख्खी, न मोडलेली, पेट्यांमध्ये रचून ठेवलेली. 137 पूर्ण धनुष्यं आणि साडेतीन हजारांहून जास्त बाण. त्याआधी मध्ययुगातलं इंग्लिश लाँगबो, म्हणजे हेच माणसाएवढं लांब लाकडी धनुष्य, म्हणून दाखवायला जवळजवळ काहीच शिल्लक नव्हतं, चित्रं होती, हिशोबाच्या वह्या होत्या, गाणी होती, पण वस्तू नव्हती.

म्युझियममध्ये ती काचेमागे उभी केलीयत. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा डोक्यात आलं की ही फारच जाड आहेत. फोटोत कळत नाही. मधला भाग मनगटाएवढा, सहा-साडेसहा फूट लांबी, काही तर दोन मीटरच्याही वर, आणि लाकडावर कारागिराच्या हत्याराच्या खुणा तशाच. कुणी पॉलिश करत बसलेलं नाही, जिथे गाठ आली तिथे गाठीभोवती थोडं लाकूड जास्त ठेवून तो पुढे गेलाय. सरकारी माल होता, भराभर बनवलेला, पण बनवणाऱ्याला लाकूड वाचता येत होतं हे बघताक्षणी समजतं. मी त्या एका गाठीपाशी बराच वेळ उभी होते.

आता यातली मला सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट. ही धनुष्यं वर येईपर्यंत अभ्यासकांमध्ये असं मानणारे बरेच होते की इंग्लिश लाँगबो फार तर ऐंशी-नव्वद पौंडांचं असणार, कारण त्याच्या वर माणसाला रोज ओढता येणारच नाही. आणि हे म्हणणारे काही खुर्चीत बसणारे नव्हते, स्वतः तिरंदाजी करणारे होते, त्यांच्या अनुभवात तसा माणूसच नव्हता. मग मेरी रोझच्या धनुष्यांची मापं घेतली, हिशोब मांडले, त्याच मापाची नवीन बनवली, आणि आकडे आले शंभरापासून ते 185 पौंडांपर्यंत, बरीचशी दीडशेच्या आसपास. पहिली प्रतिक्रिया साहजिकच, हिशोब चुकलाय. मग कुणीतरी ते खरोखर ओढून दाखवलं. मग अजून कुणी. 2004 मध्ये मार्क स्ट्रेटन यांनी 200 पौंडांचं लाँगबो पूर्ण ओढलं, गिनीजमध्ये नोंद आहे. आज इंग्लंडातल्या एखाद्या वॉरबोच्या मेळाव्याला गेलात तर 120-130 पौंड ओढणारी माणसं सहज भेटतात, त्यात सुतार असतात, शिक्षक असतात, पोस्टमन असतात. म्हणजे काय झालं की माणसाच्या अंगाने काय जमतं याचं माप आपण आपल्या काळातल्या अंगावरून काढत होतो, आणि समुद्राच्या तळातून साडेचारशे वर्षांपूर्वीच्या लाकडाने येऊन सांगितलं की नाही, अजून पुष्कळ जमतं. फक्त ते अंग घडवावं लागतं.

तर ते घडवणं कसं असतं ते सांगते.

आमच्या ग्रुपमध्ये एक सत्तरीच्या आसपासचे गृहस्थ आहेत, आयुष्यभर छपरांची कामं केलेले, अजूनही 140 पौंड ओढतात. दिसायला अजिबात पहिलवान नाहीत. सुरुवातीला मी त्यांचे हात बघायचे, दंड, मनगट, आणि काहीच कळायचं नाही. एकदा मी योगायोगाने त्यांच्या मागे उभी होते. डावा पाय पुढे, धनुष्य खाली जमिनीकडे तिरकं, तीन बोटं दोरीवर, पाठ थोडी वाकलेली, कंबर मागे. आणि मग हाताने ओढायला लागण्याऐवजी ते सरळ व्हायला लागले. डावा हात पुढे-वर जात राहिला, उजवं कोपर खांद्याच्या उंचीवरून गोल फिरून मागे गेलं, छाती दार उघडल्यासारखी उघडली, धनुष्य टार्गेटच्याही वर गेलं आणि तिथून खाली उतरता उतरता हात गालावरून कानामागे. जुन्या पातळ टी-शर्टमधून मला पाठीची दोन्ही पाती दिसत होती, ती सरकत सरकत मणक्यापाशी आली, एकमेकींना जवळजवळ टेकली आणि त्याच क्षणी बाण गेला. मान सैल. जबडा सैल. चेहऱ्यावर आठीसुद्धा नाही. 140 पौंड म्हणजे साडेत्रेसष्ट किलो ओढताना त्या माणसाने दात आवळले नव्हते. आवाज पण टणत्कार वगैरे नाही, एक खोल ठप्प असा, आणि मग बाणाच्या पिसांची फरफर.

ह्यू लॅटिमर नावाचे एक बिशप होते, त्यांनी 1549 मध्ये राजापुढे दिलेल्या प्रवचनात स्वतःच्या लहानपणाबद्दल सांगितलंय. त्यांचे वडील शेतकरी. वडिलांनी त्यांना शिकवलं की दुसऱ्या देशातले लोक ओढतात तसं हाताच्या जोरावर ओढू नकोस, धनुष्यात अंग घाल. आणि पुढे ते म्हणतात की वडील मला माझ्या वयाप्रमाणे, ताकदीप्रमाणे धनुष्यं आणून द्यायचे, मी जसा वाढलो तशी माझी धनुष्यं मोठी होत गेली. मला हे वाचताना दरवेळी त्या बापाबद्दल काहीतरी वाटतं. दर वर्षी, दोन वर्षांनी पोराकडे बघून, आता याला पुढचं झेपेल, असं ठरवणारा बाप. कुणी मोजमाप लिहून ठेवलेलं नाही, नुसती नजर.

आणि हे एकट्या त्या घरापुरतं नव्हतं. 1363 मध्ये तिसऱ्या एडवर्डने फर्मान काढलं होतं की सणासुदीला धडधाकट माणसांनी धनुष्यबाणाचा सराव करायचा, फुटबॉलसारखे खेळ बंद. 1541 च्या कायद्यात तर अगदी तपशील आहे, 7 ते 17 वर्षांचा मुलगा घरात असेल तर त्याच्यासाठी बापाने एक धनुष्य आणि दोन बाण ठेवायचे. आणि 24 वर्षांच्या वरच्या माणसाने 220 यार्ड किंवा त्याहून जवळच्या निशाण्यावर सरावाचे हलके बाण मारायचे नाहीत. दोनशे मीटर हो. ऑलिंपिकचं अंतर 70 मीटर आहे. म्हणजे एका अख्ख्या देशाने शे-दोनशे वर्षं आपली पोरं सातव्या वर्षापासून या एका कामासाठी वाढवली. मेरी रोझवर सापडलेल्या सांगाड्यांत काहींच्या खांद्याच्या टोकाचं हाड जुळलेलंच नव्हतं, जे एरवी विशीच्या आसपास जुळून येतं, आणि अशी माणसं तिथे नेहमीच्या प्रमाणापेक्षा जास्त होती. अभ्यास करणाऱ्या अॅन स्टर्लंड यांचा अंदाज असा की कोवळ्या वयापासून जड धनुष्य ओढत राहिल्यामुळे ते जुळायला सवडच मिळाली नाही. मला हे अभिमानाचं वाटत नाही, खरं सांगायचं तर त्या पोरांची दया येते. पण ते धनुष्य कोणत्या किमतीला ओढलं जात होतं हे त्या हाडात स्पष्ट दिसतं.

आम्ही मोठेपणी सुरू करणारे, आमची हाडं जुळून बसलेली. त्यामुळे आम्हाला रस्ता वेगळा. स्नायू काही महिन्यांत वाढतात, पण स्नायू हाडाला बांधणारे जे कंडरे असतात ते फार सावकाश तयार होतात, आणि इथेच बहुतेक लोक कोसळतात. जिममधून आलेला पोरगा, छाती-दंड जबरदस्त, पहिल्या दिवशी 90 पौंड अर्धं ओढतो, टाळ्या पडतात, सहा महिन्यांनी त्याचं कोपर गेलेलं असतं. खांदा गेला तर वर्ष गेलं. म्हणून पायरी पाच पौंडांची, फार तर दहा, आणि पुढची पायरी केव्हा तर आत्ताचं धनुष्य पूर्ण, कानामागेपर्यंत, चेहरा न आवळता, सलग काही बाण निघाले की मग. दर वेळी आधी हलकं धनुष्य हातात घेऊन अंग गरम करायचं. जडवर मोजकेच बाण मारायचे, शेवटचा बाण पहिल्यासारखा निघाला नाही तर दोरी उतरवायची आणि घरी जायचं. बोटांच्या टोकांना मुंग्या यायला लागल्या तर ते दुर्लक्ष करण्यासारखं नसतं, नस दबतीय.

या बाबतीत मला सगळ्यात चांगलं कोण शिकवतं तर आमचे आप्पा, माझे थोरले काका. त्यांनी आयुष्यात धनुष्य हातात घेतलेलं नाही. कोल्हापूरच्या तालमीत मात्र तरुणपण सगळं गेलं. मी पहिल्यांदा व्हिडिओ कॉलवर ओढून दाखवलं तर त्यांनी पौंड विचारलेच नाहीत, विचारलं ते पाठीच्या पात्यांबद्दल, त्यांना ते फरे म्हणतात.

"पोरी, फरे मागं येत्यात का? का नुसती दंडानं वढतीयास?"

"येतात आप्पा, पण शेवटचे दोन इंच राहतात."

"मग त्ये दोन इंचच शिकायचं. बाकीचं कुणालाबी येतंय."

आणि मग त्यांनी जोर काढताना खाली गेल्यावर पाती कशी उघडतात आणि वर येताना कशी मिटतात हे मला पुन्हा लहान मुलीसारखं शिकवलं, फोन कपाटाला टेकवून, सत्तर पार केलेला माणूस फरशीवर. त्या दिवसापासून मी जोर काढते, संथ, मोजत नाही, पाठीकडे लक्ष ठेवून. शेवटचे दोन इंच तिथून आले, जिमच्या कुठल्या मशीनमधून आले नाहीत.

थोडं बाणाबद्दल बोलू, कारण जड धनुष्याचा सगळा खटाटोप बाणासाठी असतो हे फार लोकांच्या लक्षात येत नाही. लोकांना वाटतं दुप्पट जड धनुष्य म्हणजे दुप्पट वेग. तसं होत नाही. धनुष्याच्या जाड भुजांना आधी स्वतःचंच लाकूड हलवायचं असतं, हलका बाण लावला तर ती ताकद बाणाला मिळतच नाही, फुकट जाते. लढाईचा बाण 60 ते 100 ग्रॅमचा, बोटाएवढा जाड, पुढे लोखंडी टोक. 2019 मध्ये जो गिब्ज नावाच्या तिरंदाजाने 160 पौंडांच्या धनुष्याने केलेली एक चाचणी बरीच गाजली, त्यात 80 ग्रॅमचा बाण साधारण 55 मीटर प्रति सेकंद वेगाने निघाला. ऑलिंपिकवाल्यांचा वीस-पंचवीस ग्रॅमचा बाण याच्याहून जोरात जातो. म्हणजे वेगात हे जुनं धनुष्य हरतं. पण हिशोब मांडा, त्या जाड बाणात 120 ज्यूल ऊर्जा असते आणि ऑलिंपिकच्या बाणात चाळीसेक. आणि तो जड असल्यामुळे वाटेत हवेला दाद देत नाही, लांब जाऊनही तसाच मारतो. मेरी रोझच्या नमुन्यावरून बनवलेल्या दीडशे पौंडी धनुष्याने 96 ग्रॅमचा बाण अडीचशे मीटर गेलेला आहे. अर्थात त्या 2019 च्या चाचणीत छातीवरचं पोलादी चिलखत काही भेदलं नाही, हेही सांगायला पाहिजे, बाण आपटून फुटत होते आणि ठिकऱ्या उडत होत्या. चिलखत बनवणारेही त्यांच्या कामात तेवढेच पक्के होते.

हे धनुष्य यू नावाच्या झाडाचं. हिमालयात त्याचा भाऊबंद आहे, थुनेर म्हणतात. याची खुबी अशी की सालीखालचं पांढरं लाकूड ताण सहन करतं आणि आतला तांबूस गाभा दाब सहन करतो, तर कारागीर फळी अशी काढतो की पांढरा थर धनुष्याच्या पाठीला, म्हणजे टार्गेटच्या बाजूला, आणि गाभा पोटाला, तिरंदाजाच्या बाजूला. निसर्गानेच दोन थर जोडून दिलेत. सगळ्यात चांगलं यू थंड डोंगराळ भागातलं, सावकाश वाढलेलं, वर्षाच्या रेघा एकमेकींना चिकटलेल्या. इंग्लंडचं स्वतःचं पुरत नव्हतं, म्हणून 1472 ला कायदा केला की बाहेरून माल घेऊन येणाऱ्या जहाजाने मालाच्या प्रत्येक टनामागे धनुष्याच्या चार काठ्या आणायच्या, आणि 1484 ला गोड वाइनच्या प्रत्येक मोठ्या पिंपामागे दहा. आल्प्सच्या उतारांवरची यूची झाडं या एका देशाच्या भुकेने जवळजवळ संपली. दीडशे पौंडांच्या त्या आकड्यामागे एक अख्खं जंगलही आहे.

माझं धनुष्य ज्यांनी बनवलं त्यांच्या शेडमध्ये मी ते तयार होताना बघितलंय. भिंतीवर मधोमध धनुष्य अडकवतात, दोरीला हूक, हुकाची रस्सी खाली कप्पीतून, आणि दहा पावलं लांब उभं राहून ते रस्सी ओढतात आणि धनुष्य वाकताना बघतात. कुठे ताठ राहतंय, कुठे जास्त वाकतंय. ताठ दिसलं तिथे पेन्सिलीने खूण, खाली उतरवून पोटाकडून चार-पाच वेळा खरवडायचं, पुन्हा वर, पुन्हा ओढायचं, एक इंच जास्त. असं दिवसभर. मास्क लावून, कारण यूची पूड विषारी असते. एके ठिकाणी जास्त खरवडलं तर ते लाकूड परत चिकटवता येत नाही. जड धनुष्यात तर चूक आणखी महाग, त्या ताणाखाली कमजोर जागा असेल तिथून ते फुटतं. मी एकदा शेजारच्या लाइनवर दुसऱ्याचं 120 पौंडांचं फुटताना बघितलं, वीज पडावी तसा आवाज, एक तुकडा आमच्या डोक्यावरून मागे. तेव्हा मला रामायणातलं शिवधनुष्य आठवलं. राम दोरी चढवतो, ओढतो आणि ते मधोमध मोडतं, आणि तो आवाज ऐकून माणसं खाली पडतात असं वाल्मीकींनी लिहिलंय. लहानपणी मला ते नुसतं थाटाचं वर्णन वाटायचं. ज्याने जाड धनुष्य मोडताना ऐकलंय अशा कुणाकडून तरी ते आलंय असं आता मला वाटतं.

आपल्याकडच्या जड धनुष्यांबद्दल एक जुना उल्लेख आहे, अलेक्झांडरच्या दर्यासारंगाने, निआर्कसने, लिहिलेलं एरियनने पुढे उतरवून ठेवलं ते. भारतीय पायदळाची धनुष्यं माणसाएवढी उंच, खालचं टोक जमिनीवर टेकवून, डाव्या पायाने रेटून ओढतात, बाण जवळपास तीन हात लांब, आणि ना ढाल ना चिलखत त्यापुढे टिकत. पाय लावून ओढायचं म्हणजे पुन्हा तेच, अंग घालणं. चीनमध्ये छिंग राजवटीत सैन्याच्या परीक्षेला ताकदीचं वेगळं धनुष्य असायचं, बाण नाही लावायचा, नुसतं पूर्ण ओढून दाखवायचं, वरच्या वर्गाचं 12 ली, आजच्या मापात दीडशे पौंडांच्या आसपास. 1901 ला ती परीक्षा बंद झाली. इंग्लंडने तर 1595 लाच ठरवून टाकलं होतं की शिकवलेल्या तुकड्यांमध्ये आता बंदूक, धनुष्य नको. बंदूक काही आठवड्यांत शिकवता येते. त्यानंतर सातव्या वर्षापासून पोरगं घडवायला कोण बसतंय, आणि एकदा दोन-तीन पिढ्या गेल्या की कसं ओढायचं हेच सांगणारा कुणी उरला नाही. म्हणूनच तर पुढच्या अभ्यासकांना ऐंशी पौंड खूप वाटले. आज आम्ही जे करतो ते सगळं लाकडावरून, हाडांवरून, एका बिशपच्या दोन वाक्यांवरून परत जुळवलेलं आहे. कितपत बरोबर जुळलंय कोण सांगणार, पण बाण दोनशे मीटर जातो.

हे सगळं मी आप्पांना एकदा सांगत होते, की बघा, धनुष्य गेलं आणि त्याची मेहनतही गेली. ते ऐकून घेत होते आणि मग म्हणाले, "आमच्यात कुठं गेली? लेझीम न्हाई का."

मी गप्पच. शाळेत पंधरा ऑगस्टला खेळलेली लेझीम, गणपतीच्या मिरवणुकीतली लेझीम, लाकडी दांडा, साखळी, पत्र्याच्या चकत्या, छुन् छुन्. ती धनुष्यच आहे. दोरीच्या जागी लोखंडी साखळी लावलेलं, अंग कमावायचं धनुष्य, पूर्वी तिरंदाजाने खांदे तयार करायला वापरायचं. इराणच्या झुरखान्यांत, म्हणजे तिथल्या तालमींत, त्याचंच भावंड अजून आहे, कबादे, पूर्ण लोखंडी, साखळीत चकत्या, पहिलवान ते डोक्यावर धरून डावीकडून उजवीकडे झुलवतात. आणि आपल्याकडे तालमींमध्ये जड लेझीम होती, आताच्या मिरवणुकीतल्या हलक्या लेझमीसारखी नाही. आप्पांच्या तालमीत त्यांच्या लहानपणी तशी एक भिंतीला टांगलेली होती, वस्ताद म्हणायचे ही आधी दोन्ही बाजूंनी सारखी फिरव, मग मातीत ये. म्हणजे इंग्लंडात वस्तू बुडाली आणि मेहनत विसरली गेली, आपल्याकडे धनुष्य गेलं तरी मेहनत ताल धरून राहिली, आणि ती मी स्वतः, वयाच्या दहाव्या वर्षी, ढोलावर पावलं टाकत केलेली. खांदे उघडायचे, मिटायचे, उघडायचे, मिटायचे. त्या हालचाली आज आठवून करून बघितल्या तर तीच पाती, तोच रस्ता.

आता आप्पा ती लेझीम शोधतायत. तालमीचं नवीन बांधकाम झालंय, जुनं सामान कुणाच्या तरी माळ्यावर गेलं म्हणतात, ते दोन घरी जाऊनही आले. मिळाली तर मला वजन पाहिजे, दांड्याची लांबी पाहिजे, साखळी किती लांब आहे आणि दांडा वाकतो का ताठ आहे ते पाहिजे. वाकत असेल तर किती इंचांना किती किलो ते घरातल्या स्प्रिंगच्या ताणकाट्याने मोजता येईल, कसं मोजायचं ते मी आप्पांना व्हिडिओ करून पाठवलंय. तशी एक इथे बनवून घ्यायची असं माझ्या धनुष्यवाल्यांशी बोलणं झालंय, ॲश लाकडाची, साखळी ते बोटीच्या सामानातून आणणार आहेत. पुढचं धनुष्य 90 चं आहे, त्याची काठी शेडमध्ये वाळतीय, अजून वर्षभर तरी त्याला हात लावायचा नाही असं त्यांनी सांगितलंय, आणि तेवढा वेळ माझ्या पाठीलाही हवाच आहे.